थांबली की बंद पडते

रविवार, ९ नोव्हेंबर

गाडीत दोष नाही. आजपासून हे धरून चालतो.

काल चौकात लेकीने गाडी थांबवायला घेतली आणि इंजिन बंद पडलं. ती म्हणते, ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. गाडी घसरत जाऊन पुढच्या दुधाच्या टेम्पोला टेकली. बंपर चेपला, एक दिवा फुटला. माणसं धड. मी शेजारीच बसलो होतो. उतरलो आणि चार लोकांसमोर म्हणालो — "क्लच दाबायचा राहिला तुझा. पायच जड आहे."

(इंजिन बंद पडलं की पेडल कडक होतंच. तो परिणाम. कारण नव्हे.)

रुग्णवाहिकेवर चालक म्हणून तिची निवड झाली आहे. होकार की नकार, शुक्रवारपर्यंत कळवायचं. जेवताना म्हणाली, "नाही म्हणून कळवते. ज्याचा पाय चुकतो त्याने आजारी माणसं कशाला न्यायची?" ही, तिची आई, माझ्याकडे बघत राहिली. मी ताटाकडे.

"उद्या इंजिन बघतो," एवढंच म्हणालो. महिन्याभरात गाडी लेकीच्या हातात चारदा बंद पडली, माझ्या हातात एकदा — तीही सकाळच्या गारठ्यात. मला फक्त कागदावर उतरवायचं आहे की गाडी ठणठणीत आहे. माझ्या हातची गाडी आहे!

सोमवार, १० नोव्हेंबर

पंपदुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं. लोकांचे पंप एक दिवस थांबतील.

प्लग चारही काढले. रंग बदामी — हवा तसा. अंतर मोजलं, एका केसाचा फरक नाही. हवेची जाळी झटकली. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेवर काजळी होती, ती पुसली. तेवढ्याने इंजिन बंद पडत नाही.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला फाटकाशी येऊन उभा. "काय प्रोफेसर, आज कुठला धडा?"

"शेवटचा."

"आणा की इकडे. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांत नखं कापून होतात, निदान होत नाही. असल्यांच्या हाताखाली शिकलो नाही ते बरंच झालं. पुस्तकं वाचली, हात भाजून घेतले, शिकलो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चालवून बघितली. एकतीस वेळा थांबलो, मोजून. एकदाही बंद नाही.

मी तसा ब्रेकला फारसा पाय लावत नाही. गिअर उतरवत उतरवत वेग मारायचा, शेवटी हँडब्रेक. ब्रेकवर जगणारा ड्रायव्हर म्हणजे अंदाज चुकलेला ड्रायव्हर — लेकीलाही हेच सांगत आलो. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी तिला ब्रेक शिकवला आणि तिला त्या बाई पटल्या.

म्हणजे पायच. जिंकलो.

जेवण गेलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एकतीसचा आकडा कुणाला सांगितला नाही. पुन्हा बॉनेट उघडलं. का, माहीत नाही. इंधनाचा दाब बघितला, तारा हलवून बघितल्या. सगळं जागच्या जागी. काहीही हाती लागणार नाही, हे हातांनाही कळलंय, तरी ते चालूच.

दुपारी लेक बाहेर आली. "बाबा, अजून बघताय?"

"बघतोय."

पाना हवा होता, मी मागायच्या आत तिने दिला. बारा नंबर. बरोबर होता. मग पायरीवर बसून राहिली, बराच वेळ.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

इंजिन चालू ठेवून हिला गाडीत बसवलं. "मी म्हटलं की पेडल हळूच दाब." ही आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर. मी बॉनेटखाली.

"दाब!"

इंजिन थरथरलं आणि गप्प.

"काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात दाब!"

"कुठलं दाबलंस?"

"हे. मधलं."

मला रेसचं हवं होतं, हिने ब्रेकचं दाबलेलं. ओरडायला तोंड उघडलं. उघडंच राहिलं.

"परत दाब. मधलंच."

परत चालू, परत बंद. सात वेळा. सातही वेळा! मग ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी नळी पकडीने घट्ट चिमटली. आता हिने मधलं दाबून धरलं तरी इंजिन चालू.

बूस्टर म्हणजे पायाला जोर देणारा काळा डबा. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, त्यावर तो चालतो. आतलं रबर फाटलं असलं तर ब्रेक दाबला रे दाबला की तिथून फालतू हवा इंजिनात शिरते आणि इंजिन मान टाकतं.

तो डबा उघडायचा नसतो. फाटला की नवा बसवायचा. दोन वर्षांपूर्वी मी उघडला. रबराला ठिगळ लावलं आणि वर हिला बोलावून दाखवलं — बघ, कंपनीला जमलं नाही ते!

मी ब्रेक वापरत नाही म्हणून मला कधी दिसलं नाही. तिला नीट शिकवलं होतं, म्हणून ती आपटली.

ही सीटवरूनच म्हणाली, "तिला सांगणार ना?"

"सांगतो. डबा काढून हातात येऊ दे."

"डबा कशाला? तोंड आहे ना!"

काढेपर्यंत लेक मैत्रिणीकडे निघून गेली होती. ठिगळ सुटलंय. करंगळी जाईल एवढं भोक.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी डबा तिच्यासमोर टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, ठिगळासकट. म्हटलं, "पाय तुझा चुकला नव्हता. आज शेवटचा दिवस. होकार कळव."

म्हणाली, "बाबा, नकार मी सोमवारीच कळवला. जागा दुसऱ्याला गेली."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"माझी चूक नाही असं धरून तुम्ही काहीतरी शोधत होतात. पहिल्यांदाच. मध्येच कसं थांबवू तुम्हाला?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.