पंचनाम्याच्या सकाळचं सारवण

ता. मोहाडी, जि. भंडारा
९ ऑक्टोबर २०२२

सुमनबाईंना आनंदाबाईचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे माझं ऐकत नाहीत, तुमचे तरी तुमचं ऐकोत. फोनच करणार होते, पण माझा आवाज आला की तुमच्या कोंढा गावाची रेंज नेमकी जाते. म्हणून पत्र. अक्षर ओळखलंच असेल, तुमच्या लेकीचं आहे. मी बोलते, ती शाळेच्या मराठीत लिहिते. स्वतःची स्तुती आली की पेन थांबवते, मग मी काठी आपटते.

पुराचं कानावर आलंच असेल. दीड दिवस घरात पाणी होतं. आम्ही शाळेत राहिलो, खिचडी खाल्ली. तिखट कमी होतं. पाणी उतरलं तेव्हा गाव डोक्याला हात लावून बसला आणि तुमची लेक पदर खोचून, गुडघाभर चिखलात शेताच्या धुऱ्यावर उभी राहून, झोपलेल्या धानाचे फोटो काढत होती. मला वाटलं, पोरीच्या डोक्यात पाणी शिरलं. ती म्हणाली, बहात्तर तासांत विमा कंपनीला कळवलं नाही तर पुढं कोणी विचारत नाही. आमचं कळवलं, मग शेजारच्या गिरजाबाईचं, मग तिच्या जावेचं. संध्याकाळपर्यंत चौदा घरांचं. लोक सातबारा आणि पासबुक घेऊन दारात रांगेत उभे. एवढी माणसं माझ्या दारात नातवाच्या लग्नालाही नव्हती.

घराचंही सांगते. पण आधी हे सांगते, गिरजाबाईची गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे.

तुमची लेक म्हणते, आजी, गाय पुरे.

बरं. मागच्या भिंतीला मोठा तडा गेला होता. ज्या सकाळी तलाठी घराचा पंचनामा करायला येणार होते, त्याच सकाळी विमावाल्यांची शेताची पाहणीही होती. तुमच्या लेकीचा सासरा, माझा मुलगा यादोराव, पहाटेच शेतावर गेला. ती भाकरी टाकून मागून गेली. तलाठी आले तेव्हा घर लख्ख होतं. तडा मातीनं बुजवलेला, वर शेणाचं सारवण, दारात रांगोळी. मागं ग्रामस्वच्छतेची समिती आली होती, तेव्हा अशाच सारवणाचं कौतुक झालं होतं. साहेब येणार म्हटल्यावर भिंतीचा चिखल दाखवायची रीत आमच्याकडे नाही. तलाठी बिचारे चहा पिऊन ‘नुकसान नाही’ लिहून गेले.

दुपारी यादोराव आला आणि तापला. “कोनं सारवलं? तडा काहून बुजवला?” घरात बायका दोनच, आणि म्हातारीच्या गुडघ्यांवर कोणाला संशय यायचा? तुमची लेक माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मी सारवलं, बाबा. चुकलं माझं.”

शिकलेल्या सुनेनं घराची मदत घालवली, ही बातमी कोंढ्यापर्यंत गेली, मला ठाऊक आहे.

त्यावर ती रडत बसली नाही. पुन्हा पंचनामा व्हावा म्हणून अर्ज लिहिला आणि मोहाडीला तहसीलमध्ये तीन खेपा घातल्या. दर वेळी एक कागद कमी निघायचा, दर वेळी ती तो आणायची. शेवटी दुसरे साहेब भिंत पाहायला आले. म्हणाले, भिंत तर चांगली दिसते. हिनं खुरपं घेतलं, सारवण खरवडलं, बुजवलेली माती पाडली आणि तड्यात कोपरापर्यंत हात घातला. पलीकडे कोंबडी होती, तिनं बोटाला टोच मारली. साहेबांनी टेप काढून मोजमाप घेतलं. परवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. पडझडीत आमचं नाव आहे.

आता राहिलेलं. सारवण मी केलं, सुमनबाई.

इथं पेन थांबलं. ही म्हणते, “आजी, हे मी नाही लिहत. जाऊ दे ना.”

“लिही,” मी म्हटलं. “नाव तुयं खराब झालं, मायं नाही.”

महिनाभर ती बोलणी खात होती आणि मी गुडघ्याला तेल चोळत गप्प होते. वाटलं, म्हातारीची अक्कल गेली म्हणून उद्या मला विचारेनासे होतील. आज सकाळी यादोरावाला सांगून टाकलं. तो सुनेसमोर जाऊन उभा राहिला आणि तिच्या हातातली घागर घेऊन स्वतः पाण्याला गेला. जन्मात पहिल्यांदा. अर्धी सांडून आणली.

लग्नाच्या मांडवात मी म्हटलं होतं, पुस्तकवाली पोरगी आमच्या चिखलात काय कामाची. तुम्ही ऐकलंत आणि ताटावरून उठलात. तो शब्द मी परत घेते. तुम्ही यालच असं नाही, पण आलात तर वाढायला मी उठेन, गुडघे काहीही म्हणोत.

एक शेवटचं. मला वाचता येत नाही, आणि ही पोरगी मला सांभाळून घेण्यात पटाईत आहे. तेव्हा ‘चूक आनंदाबाईची’ हे शब्द या कागदावर नसतील, तर पत्र तसंच परत पाठवा. मी दुसऱ्याकडून लिहून घेईन.

तुमच्या लेकीच्या पाठीमागं लपलेली,
आनंदाबाई