ऑटोवर राहिलेली मोटर

पालम, मंगळवार, दिवेलागण

अण्णांना घेऊन परभणीहून एसटीनं तासाभरापूर्वी आलो. अण्णांना दुसरी गोळीही लागू पडेना, असं डॉक्टर म्हणाले. रक्ताचा कॅन्सर परत वाढायलाय.

अकरावीला जीवशास्त्र शिकवते मी, आणि स्वतःच्या वडिलांना सांगायला मला विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर लागला! पेशीला वाढायचा निरोप येतो, काम झालं की तो थांबतो. अण्णांच्या रक्तात निरोप देणारं प्रथिनच बिघडलंय. स्टार्टर ऑटोवर टाकल्यासारखं, लाइन आली की कुणी बटण न दाबता चालू. आणि तिथली लाइन कधी जातच नाही. गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत बसून ते बंद ठेवायची. आता खाचेचा आकारच बदललाय. गोळी बसणार कुठं?

अण्णा एसटीच्या खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मंग फ्यूज काढा की."

बिघडलेल्या प्रत्येक पेशीत तोच स्टार्टर. फ्यूज तरी किती काढायचे? मी नुसतीच पिशवीत पाण्याची बाटली शोधत बसले. ती अण्णांच्या हातातच होती.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता ते शेताकडं निघाले. सकाळी दवाखान्याच्या घाईत मोटर ऑटोवरच राहिली होती. दुपारी लाइन आली, ती आपोआप सुरू झाली आणि हरभरा भरून पाणी पार रस्त्यावर आलेलं. मी जाते म्हटलं, तर ऐकलं नाही. दम लय लागतो त्यांना आता.

आले तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. ओट्यावर टेकले, श्वास खाली बसू दिला.

"केली बंद," म्हणाले. "ती तरी झाली."