वन्संची लाथ

घाटकोपर,
श्रावणातला शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

मालनचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकले. खरोखर वाकायला सध्या बंदी आहे.) बोरिवलीत सगळे बरे असतील. तुमचे गुडघे काय म्हणतात? गेल्या गौरीपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाडा.

तर झालं असं, की गौरीचा मुखवटा काढायला मी पलंगाची पेटी उघडली. तुमच्या भावाने मुखवट्यावर गाद्या आणि बंद पडलेला मिक्सर रचून ठेवला होता. ओढायला वाकले ती तशीच राहिले, कमरेत उसण भरली. माझं डोकं पेटीत, आणि हे बाहेरून विचारतात, सापडलं का काही. (तुमचेच भाऊ.) शेजारच्या नीलाने तेल चोळून पाहिलं, काही उपयोग नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्ट चेतनाकडे गेलो. मला वाटलं, पोरगी महिनाभर झोपून राहा म्हणेल आणि स्वयंपाक ह्यांच्या गळ्यात पडेल. तर ती म्हणते, "काकी, झोपून राहायचं नाही हां. चालायचं, झेपेल तेवढं काम करायचं." ह्यांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू. मग व्यायाम दिले. उताणं पडून गुडघे दुमडायचे, कंबर वर उचलून धरायची, आणि ह्यांनी आकडे मोजायचे. काल मोजता मोजता ह्यांच्या मोबाईलवर कुणाची तरी विकेट पडली, आणि मी हॉलच्या मधोमध अधांतरी. तेवढ्यात सिलिंडरवाला दारात. "आरामात होऊ दे तुमचं," म्हणाला आणि सिलिंडरवरच बसला. मला इतकं हसू आलं की कंबर आपोआप खाली आली.

घरातल्या पोरांना पापा. मोठ्या तुम्ही एकट्याच, तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
मालन

ता.क. लिहायचं होतं ते हेच. तुम्ही पायाळू. पायांकडून जन्मलेल्या माणसाने कमरेत लाथ घातली की उसण जाते, आणि तुमच्या लाथेने गावची अर्धी वाडी उभी राहिलीय. गौरीच्या आदल्या दिवशी या आणि मला एक घाला. इतकी वर्षं मनात असेलच. (चेतना म्हणते, लाथ नको, नुसता पाय टेकवू दे.)

ता.क. अजून एक. खरं सांगते, उसण गेली. आज पेटी मीच उघडली, चेतनाने शिकवलं तशी गुडघ्यांत वाकून. गेल्या गौरीला फुगडीत हात आधी तुम्हीच सोडलात, हे माझं म्हणणं कायम आहे. तुमचं तुम्ही कायम ठेवा. पण वर्षभर तुमच्याशी बोलल्याशिवाय मला करमलेलं नाही. चेतनाने फुगडीला परवानगी दिलीय, फक्त जोडीदारीण हात न सोडणारी हवी म्हणाली. मी तुमचं नाव सांगितलं.