भरलेला डार्ट

११ नोव्हेंबर
सगळे खाली! एकही डार्ट जागेवर नाही. परवापर्यंत धानाच्या तणसानं भरलेल्या पोत्यावर खडूनं काढलेल्या वाघाच्या मांडीत बरोब्बर बसत होते — आज सगळे पोत्याच्या बुडाशी. रायफल तीच, अंतर तेच, डार्ट ढकलणाऱ्या गॅसचा दाबही तोच. आमच्या वनखात्याच्या रेस्क्यू गाडीचे ड्रायव्हर श्रीहरीभाऊ म्हणाले, "दिव्यानी, वाघाच्या पायाले गुदगुल्या करून राह्यली का?" बेशुद्धीचा डार्ट मारायला पथकात पहिल्यांदा बाई घेतली — अन् ही बाई जमीन मारते!

१२ नोव्हेंबर
डोळे तपासून आले. नंबर नाही. मग काय, हात?

१३ नोव्हेंबर
डॉक्टर लोकेश, आमचे पशुवैद्य, सुट्टीवरून आले. मी जवळजवळ रडतच सांगितलं.
"डार्ट भरले का रिकामे?"
"आता पाणी भरतो सर. औषधाचा सराव म्हणून."
"अन् पयले?"
"रिकामे."
असे हसले! "मंग तुझा हात नाई चुकला, वजन बदललं. रिकामा डार्ट हलका, सुसाट जाते. भरलेला जड. तेवढ्याच गॅसवर हळू निघते, पोचाले वेळ लागते, अन् तेवढ्यात खाली येते."
इतकं सोपं! मी म्हटलं, मग दाब वाढवून टाकते. लगेच गंभीर झाले — "अंदाजानं नाई. जास्त झाला तर डार्ट आत घुसते, हाड फोडते. जशी भरणी तसा दाब. बिबट्याचा डार्ट अन् वाघाचा डार्ट, दोघांची वाट एक नसते."
दिवसभर पाणी भरलं, मारलं, पुन्हा भरलं. खांदा दुखतो. पण मजा!

१५ नोव्हेंबर
सगळे खडूच्या आत. श्रीहरीभाऊंनी स्वतः डार्ट उपटून आणून दिले!!

१८ नोव्हेंबर
सावली गावाकडून फोन. नाल्याच्या काठी झुडपात वाघ ठाण मांडून. दोन गाई मारल्या, धान उभं, कापायला कुणी जाईना. पकडायचा हुकूम आधीच झालेला. शेत सत्यशीलाबाईंचं. मी "जयभीम बाई" म्हणायच्या आत त्यांनीच सुरू केलं — "पोरी, न्या त्याले इथून! आज नाई नेला तं मी काठी घेऊन जातो!"
डॉक्टरांनी औषध भरलं — अन् सरावापेक्षा मोठा डार्ट! म्हटलं, सर, एक असाच पाण्याचा द्या आधी. गाडीमागे दूर जाऊन पोत्यावर मारला. वीतभर खाली! दाब वाढवला. दुसरा — बरोब्बर मांडीत.
मग झुडूप. पिवळं अंग अर्धंच दिसत होतं. श्वास सोडला. दाबलं.
फट्! डार्टची लाल शेपटी मांडीत उभी! उठला, गुरगुरला, चार पावलं, बसला. मान टेकली. बांधावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली, श्रीहरीभाऊंनी हातानं गप्प केलं, अन् स्वतःच ओरडले, "आमची दिव्यानी!!"
पिंजऱ्यात उचलून ठेवायच्या आधी डॉक्टर तपासत होते. एकदम थांबले. मला बोलावलं. हळूच म्हणाले, "वाघीण हाये. अन् हिले दूध हाये."

१९ नोव्हेंबर
पिंजरा रात्रभर नाल्याकाठीच ठेवला. सकाळी करवंदीच्या जाळीत सापडली — तीन पिल्लं, मांजराएवढी. वनखात्याच्या साहेबांनी फोनवर विचारलं, तिथंच सोडायची म्हटलं तर गाववाले काय म्हणतात? सत्यशीलाबाई पिल्लांकडे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "सोडा तिले. लेकराची माय हाये थे. धान मंग कापू."
सगळ्यांना लांब पाठवलं, अन् गाडीतून दोरी ओढून मी दार उघडलं.