अकरा सायकली आणि पायी भाची

४ मार्च

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडे जात नाहीस, म्हणून पत्रच लिहायला बसले. पोरगी तुझ्याकडे सुखरूप पोचली, इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाली, तू तिला मागची खोली दिलीस, हे सगळं मला तिच्याकडून कळलं. तू चार ओळी लिहिल्या असत्यास तर हाताला मुंग्या आल्या असत्या का? चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलास, एक पेन चालवायला काय होतं! असो. मी बरी आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, शिवणाचं मशीन दिवसभर चालू असतं आणि संध्याकाळी कंबर धरते.

आता मुद्द्याचं. ती लिहिते की सकाळी सहाच्या पाळीला ती रोज चालत जाते. पाच किलोमीटर! पहिली बस साडेसहाची. आणि तुझ्या घरात सायकली किती, तर अकरा. मी दोनदा वाचलं. स्वयंपाकघरात दोन, जिन्याच्या भिंतीला टांगलेल्या तीन, आणि वहिनी गेल्यापासून तिच्या पलंगाच्या जागीसुद्धा एक उभी आहे म्हणे. अरे, त्यातली एक दे की तिला! कॉलेजला ती सायकलनेच जायची, कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. सुरुवातीचे तीन महिने उमेदवारीचे असतात, त्यात तीनदा उशीर झाला तर सरळ घरी पाठवतात. एकदा झालाय. या नोकरीसाठी तिने किती खस्ता खाल्ल्यात ते तू पाहिलंयस.

लोभ आहे तो असू दे, त्याच्या जोडीला एक सायकलही असू दे.

तुझी,
बारकी


९ मार्च

चि. बारके,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पेनाबद्दलचं वाचलं. सायकली अकरा हे बरोबर आहे. बारावीची नुसती फ्रेम आहे, ती मोजायची नसते.

सायकल देता येणार नाही. एक नंबर उंच आहे, तिचे पाय टेकत नाहीत. दोन आणि तीन शर्यतीच्या, वाकून चालवायच्या. चारचं मागचं चाक मी गेल्या महिन्यात नव्याने विणलं, छत्तीस तारा, आउट काढून चाक सरळ केलं, तरी केसभर डुलतं. पाचमधून टक असा आवाज येतो, तो कुठून ते सापडत नाही. सहा मी स्वतः वापरतो. सात तुझ्या वहिनीसाठी बांधलेली. तिच्यात खोट नाही, पण तीही नको. पुढच्यांबद्दल लिहीत नाही, उत्तर तेच आहे.

माझी पद्धत तुला माहीत नाही म्हणून सांगतो. प्रत्येक सायकलला एक कार्ड बांधलेलं आहे. ग्रीस कधी भरलं, छर्रे कधी बदलले, ब्रेकचे रबर कधी, सगळं त्यावर. खोलायच्या आधी मी प्रत्येक भागाचं चित्र काढतो, कुठली बाजू पुढे, कुठली मागे, बाण करून. जोडल्यावर चित्राशी तीनदा ताडतो. मग मी बसतो. दुसरं कुणी बसत नाही. हे माझं असं आहे आणि या वयात बदलणार नाही.

पोरीची आबाळ होते असं समजू नकोस. मी तिच्या जाण्याची सोय केली आहे.

काळजी नसावी, लोभ मात्र असावा.

दादा


१६ मार्च

प्रिय आई,

मामाने केलेली सोय तुला सांगते, बसून वाच. पावणेपाचला मामा दार वाजवतो. मग आम्ही निघतो. या बाजूने मी चालते, त्या बाजूने मामा चालतो आणि मधून सहा नंबरची सायकल चालते! तिच्या कॅरियरवर माझी डब्याची पिशवी, दोरीने नीट बांधलेली. इस्पितळाच्या फाटकात मामा पिशवी सोडून माझ्या हातात देतो, टांग टाकतो आणि सायकलवरून घरी जातो. परवा वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं की तुमची सायकल रोजच पंक्चर असते का. मी काय सांगणार, कपाळ?

पण आई, शुक्रवारी दुसरा उशीर झाला. मामाचा गुडघा दुखायला लागला आणि तो पुलाच्या कठड्यावर बसला. मला पुढे जा म्हणत होता, पण त्याला तसं टाकून कशी जाऊ? मग म्हटलं, तू सायकलवर बस, मी चालते. बसला, पण माझ्या चालीने चालवायला गेला आणि पडता पडता राहिला. मी पोचले सहा वाजून बारा मिनिटांनी. मोठ्या सिस्टरनी वहीत लिहिलं. आता एकच उरलाय. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

तू त्याला रागावून लिहू नकोस. मला तो फार जपतो. दुधावरची साय माझ्यासाठी काढून ठेवतो. सात नंबरची सायकल इतकी सुंदर आहे, निळी, हँडल पक्ष्याच्या पंखांसारखं मागे आलेलं. परवा मी सहज तिच्या हँडलला हात लावला आणि सीटवर बसणार, तेवढ्यात मामा आला. रागावला नाही, आई. घाबरला. चेहरा पांढराफटक पडला. मी बाजूला झाले, आणि आता मी विचारणार नाही.

तब्येतीला जप आणि माझ्यावर माया करते आहेस तशीच कर.

तुझी,
पायी मुलगी


२० मार्च

ती. दादास,
सा. न. पण आज वि. वि. नाही, सरळ भांडण.

कठड्यावर बसलास ते कळलं. गुडघ्याला शेक घे. आणि उद्यापासून पोरीबरोबर सायकल फिरायला न्यायचं बंद कर, लोक हसतात! मी तिला कळवलंय की इस्पितळासमोरच्या दुकानातून एक जुनी सायकल घे. ती कुणी खोलली, कुणी जोडली, छर्रे आहेत की नाहीत, देव जाणे. अकरा सायकलींच्या घरातून पोरगी तसल्या सायकलवर बसून जाईल, तेव्हा तू गॅलरीतून बघ.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं, कारण एक गोष्ट मनातून जाईना. वहिनी मला सांगायची की सात नंबर ती दर रविवारी पुसते, पण तू तिला एकदाही बसू दिलं नाहीस. तिला वाटायचं, तुझा तिच्यावर भरवसा नाही. मी हसण्यावारी नेलं. तू पहिल्यापासून तुसडा, असं म्हणून सोडून दिलं. आता पोरगी लिहिते की तू रागावत नाहीस, घाबरतोस. दादा, तू आणि घाबरणं? कशाला घाबरतोस रे?

भांडले तरी बहीण आहे, एवढं ध्यानात असावं.

बारकी


२७ मार्च

चि. बारके,
अ. उ. आ.

तीन कागद फाडले, हा चौथा.

तुझ्या वहिनीवर माझा भरवसा होता. माझ्या हातांवर नव्हता. हे तिला मी सांगितलं नाही, आता सांगता येत नाही.

तू नऊ वर्षांची होतीस, मी तेरा. बाबा बसने कामावर गेले आणि मी त्यांची सायकल खोलली. पहिल्यांदाच, एकट्याने, पार शेवटच्या नटापर्यंत. छर्रे बशीत मोजून ठेवले, एकही हरवला नाही, त्याचीच मला घमेंड झाली. पहिली फेरी तुला द्यायचं कबूल केलं होतं, ती दिली. तू दांड्याखालून पाय घालून उतारावरून गेलीस आणि पाण्याच्या टाकीपाशी वळताना पडलीस. डावं कोपर मोडलं, ते पुन्हा पुरतं सरळ झालं नाही.

सायकल उचलली तेव्हा मला दिसलं. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा खाली थोडा पुढे वाकलेला असतो. मी तो उलटा बसवला होता, वाक मागे. तसं केलं की चाक आत येतं, वळताना पायाला लागतं, हँडल ताब्यात राहत नाही. आई तुला घेऊन डॉक्टरकडे गेली तेवढ्या वेळात मी चिमटा फिरवून सरळ केला. संध्याकाळी बाबा आले. न विचारता सायकल नेलीस म्हणून तुला बोलले, तुझा हात गळ्यात बांधलेला असताना. मी दारात उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

चोपन्न वर्षं झाली. तुझ्याकडे जेवायला येतो तेव्हा तू डाव्या हाताने भांडं पुढे करतेस, ते अर्ध्यावर थांबतं. मी ताटात बघतो. त्या चित्रांना बाण काढतो ते त्यामुळे. तीनदा बघतो ते त्यामुळे. आणि तीनदा बघूनही दुसरं कुणी बसायला लागलं की मला चौथ्यांदा बघावंसं वाटतं. आता तर तुझीच मुलगी आहे.

दुकानातली घेऊ नकोस असं म्हणायचा मला अधिकार नाही. बारके, माझं चुकलं. फार उशिरा सांगतोय.

रागावून का होईना, पण लिही.

दादा


३१ मार्च

माझ्या वेड्या दादा,
नमस्कार नंतर करीन.

तुझं पत्र वाचून मी मशीन बंद केलं. रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. एक बाई ब्लाउज टाकायला आली होती, ती माप न देताच घाबरून गेली.

अरे, चिमटा उलटा आहे हे मला पडायच्या आधीच माहीत होतं! आता माझं ऐक. खिडक्यांना दिल्यावर उरलेल्या पांढऱ्या रंगातून मी त्या चिमट्यावर, समोरच्या बाजूला, नखाएवढी चांदणी काढली होती. बाबांना दिसू नये म्हणून मडगार्डच्या आडोशाला. पण झालं असं की सायकलवर बसलं की ती मलाही दिसायची नाही. समोर जाऊन वाकून बघावी लागायची. त्याचं मला फार वाईट वाटायचं. त्या दिवशी उतारावर खाली नजर गेली, तर चांदणी माझ्याकडे तोंड करून! मला वाटलं, दादाला माझी चांदणी सापडली आणि मला चालवताना दिसावी म्हणून त्याने चिमटा मुद्दाम फिरवून बसवला. इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी तिच्याकडेच बघत बसले, वळणाकडे नाही.

बाबा बोलले तेव्हा मी गप्प बसले ते त्यासाठीच. खरं सांगितलं असतं तर तुला मार बसला असता, आणि तू तर माझ्यासाठी केलं होतंस. पुढे पट्टी सुटल्यावर बघितलं तर चिमटा सरळ, चांदणी पुन्हा समोर. वाटलं, बाबांच्या भीतीने तू फिरवलास. दादा, चोपन्न वर्षं मी मनात धरून आहे की माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही. आणि आता लिहितोस की ते चुकून झालं होतं! हाताचं मला काही वाटत नाही, शिवणाच्या मशीनला वाकडं कोपरच लागतं. वाईट वाटलं ते याचंच.

आणि राग आला तो वहिनीसाठी. बिचारी पुसत राहिली. तिची माफी माझ्याकडे मागून उपयोग नाही. सात नंबर पोरीला दे. तूच दे, स्वतःच्या हाताने, आणि त्या हाताला आता शिक्षा पुरे कर. मी तर त्यानंतर सायकलवर बसलेच नाही. आधी बाबांनी बसू दिलं नाही, मग राहूनच गेलं. निदान माझ्या पोरीचं राहू नये.

माया कमी करू नकोस. जास्त केलीस तर चालेल.

बारकी


८ एप्रिल

चि. बारके,
अ. उ. आ.

सात नंबर दिली. सीट दोन बोटं खाली घेतली. चिमटा तीनदा पाहिला. चौथ्यांदा मी बघणार होतो, पण भाचीबाईंनी पान्हा हातातून काढून घेतला आणि चिमटा स्वतः बघितला. ठीक आहे म्हणाली.

सोमवारी ती एकटी गेली. तू विचारशील म्हणून लिहितो. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभा होतो, मग जिन्यात बसलो. अडीचला परत आली. बावीस मिनिटांत पोचली होती, मोठ्या सिस्टरच्याही आधी. उतारावर ब्रेक छान लागतात म्हणाली. मी मग जेवलो. रविवारी सायकल पुसायचं तिने आपणहून कबूल केलं आहे. पुसू दे, पण बसायचं आधी, पुसायचं नंतर, असं मी तिला सांगितलं.

तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. ते चुकून झालं होतं, हे खरं आहे. ते बदलता येत नाही. म्हणून बारावीची फ्रेम खाली काढली आहे. बुटकी आहे, दांडा नाही, चढायला सोपी. डाव्या बाजूने हँडल मागे वाकवून घेणार आहे, म्हणजे कोपर सरळ करावं लागणार नाही. त्यासाठी माप हवं. हात जेवढा सरळ होतो तेवढाच कर, खांद्यापासून मुठीपर्यंत टेप लाव आणि आकडा कळव. डाव्या हाताचं.

चिमटा बसवून झाला आहे, सरळ. त्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाने चांदणी काढली आहे, नखापेक्षा जरा मोठी झाली. बसलीस की दिसेल. ही मुद्दाम काढली आहे.

मात्र वळणावर तिच्याकडे बघायचं नाही.

लोभ आहेच, माप लवकर पाठव.

दादा