मसुराची फौज

फिंतास, कुवेत
शुक्रवार, दुपार

प्रिय अंतरा,

तू पलीकडच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर आहेस, सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा, आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. एका घरात राहून पत्र कसलं, असं म्हणशील. म्हण. तोंडाने बोलायला लागले की माझ्या प्रत्येक वाक्याची छडी होते, हे तुला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

आधी तक्रार. तुझ्या नवऱ्याने काल क्षितिजाच्या शाळेतल्या प्रदर्शनात, चारचौघांत, नेपोलियन बुटका होता असं ठोकून दिलं. माझ्या पोटचा मुलगा, आणि इंग्रजांच्या व्यंगचित्रांवर विश्वास ठेवतो! त्या काळचा कुठलाही फ्रेंच माणूस असे तेवढाच तो उंच होता. खुजं असेल तर ते त्याचं मन. बेटावरच्या साध्या घरातला पोरगा, तोफखान्यात हुशार, क्रांतीने वर आणलेला. त्या क्रांतीने राजाचं मुंडकं उडवून दहा-बारा वर्षं होतात न होतात, तोच हा स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवतो. मग लग्नात भांडी वाटावीत तशी भावांना राज्यं वाटतो, एकाला हॉलंड, एकाला स्पेन. स्पेनच्या लोकांना कुणी विचारलं होतं का? शाळेत असताना सिस्टर बेनेडिक्टांना मी हेच विचारलं आणि तासभर बाकावर उभी राहिले. ती चीड अजून उतरलेली नाही.

सप्टेंबरात इथे आले तेव्हा मात्र मला कशाचीच चीड येत नव्हती. आलोकला वाटलं, आई शांत झाली. ते वाईट लक्षण आहे हे तुला कळलं. हे गेल्यानंतर नाशिकच्या घरी मी वर्तमानपत्र बंद केलं होतं, कारण त्यातल्या बातम्यांवरून भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. इथेही बाल्कनीत बसायचं, समुद्राकडे बघायचं, वाढलंस की जेवायचं. दिवाळीआधीचं परतीचं तिकीट काढ, असं आलोकला सांगून टाकलं होतं. बंद घर उघडायचं आणि आत जाऊन बसायचं, एवढाच पुढचा बेत होता. तू हात पुसत बाल्कनीत आलीस आणि म्हणालीस, “आई, क्षितिजाचं इतिहासात काही खरं नाही. प्रदर्शनात तिला नेपोलियन दिलाय, आणि हिला फ्रान्स कुठे आहे तेही धड ठाऊक नाही. एवढं निभावून द्या, मग जा हवं तर.”

मी चवताळून उठले. माझी नात, आणि फ्रान्स ठाऊक नाही! किती महिन्यांनी माझा आवाज शेजारच्यांना ऐकू गेला असेल, देव जाणे.

मग सिस्टर बेनेडिक्टांची रीत काढली. दिवाणखान्यात जमिनीवर खडूने युरोप आखला आणि तुझ्या डब्यातला मसूर उपसला. एक दाणा म्हणजे हजार सैनिक. पॅरिसहून दाणे निघाले, इटलीत पसरले, ऑस्ट्रियाला गुडघ्यावर आणलं, बर्लिनमध्ये शिरले. मग रशिया. लोक थंडीचं नाव घेतात, पण निम्मी वाताहत तर वाटेतल्या उन्हाळ्यानेच केली होती. इथला सप्टेंबर सोसलेल्या पोरीला ते वेगळं समजवावं लागलं नाही. भूक, ताप, मग बर्फ. दर मुक्कामाला तिने दाणे उचलायचे आणि डब्यात परत टाकायचे. सहाशे दाणे सीमेपलीकडे गेले होते, परतताना मूठसुद्धा भरेना. क्षितिजा त्या मुठीकडे बघत राहिली. फोनकडे हात गेला नाही तिचा.

त्याच संध्याकाळी शेजारची सुरैया तुझा डबा परत द्यायला आली, नेहमीप्रमाणे आत खजूर भरून. नकाशा ओलांडून जाईना. म्हणाली, “मावशी, फौज दिसतेय. ज्यांच्या दारावरून फौज गेली, ती माणसं कुठायत?” तिचं माहेर मूळचं दापोलीचं असलं तरी जन्म इथला, हे मला माहीत होतं, इराकची फौज इथे घुसली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, हे नव्हतं. फहाहीलमधलं तिच्या अब्बांचं दुकान एका दुपारीत रिकामं झालं. पुढे काही दिवसांनी एक कोवळा शिपाई दारात उभा राहून रोटी मागत होता. अम्मीने दिली. दार लावलं आणि रडली. सुरैया म्हणाली, “का रडली, ते अजून कळलं नाही मला.” मग क्षितिजा उठली आणि हरभऱ्याची डाळ घेऊन आली. मसूर जिथून जिथून गेला होता, तिथे तिथे तिने ती डाळ मांडली, गावं म्हणून. काल प्रदर्शनात लोक थांबत होते ते त्या पिवळ्या दाण्यांपाशी. सुरैयाही बराच वेळ उभी होती.

आता राहिलेलं सांगते. वर्गात शिकवताना मुद्दाम एक चूक करायची माझी मास्तरकीतली जुनी सवय. कोण जागं आहे ते कळतं. शिकवणीच्या दुसऱ्याच दिवशी मी ठणकावून सांगितलं, वॉटर्लूला हरल्यावर नेपोलियनला एल्बा बेटावर धाडलं. क्षितिजाचा हात हवेतच थांबला. “नो आजी! एल्बा आधी. तिथून तो पळून आला, मग वॉटर्लू, मग सेंट हेलेना!” आणि लगेच जीभ चावून स्वयंपाकघराकडे बघत, “आय मीन... मे बी.” आत तुझ्या उलथण्याचा आवाज बंद पडला होता. जिला फ्रान्स सापडत नव्हता, तिला सेंट हेलेना पाठ होतं! मी “बरं, तू म्हणतेस तर तसं” म्हटलं आणि शिकवत राहिले. इतकं वाईट नाटक मी शाळेच्या स्नेहसंमेलनातही बघितलं नव्हतं, आणि ते संपू नये असं मला वाटत होतं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नियम होता, तक्रार तोंडी करायची आणि आभार स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे. म्हणून हे पत्र. बाल्कनीतून मला उठवायला तू गयावया केली नाहीस, कीव केली नाहीस. माझ्या हातात खडू दिलास. आज सकाळी आलोकने तिकिटाची तारीख विचारली. व्हिसा आहे तोवर पुन्हा विचारू नकोस, असं बजावलंय त्याला. क्षितिजाच्या पुस्तकात पुढे बिस्मार्क आहे. त्यात ती नापास व्हायला लागली असेल, तर मला वेळेवर कळव. आणि या खेपेला चवळी आणून ठेव. जर्मन फौजेला मसूर शोभायचा नाही.

तुझीच,
आई