करोडगिरी नाक्यातली वाकळ

श्री. व्यंकटराव व्याहीबुवा, मुक्काम धर्माबाद, यांस देगलूरहून शेषेरावचा हात जोडून रामराम. अयोध्याताईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. इकडे सुकन्या आणि बाळ दोघंही खुशाल आहेत. बाळ रडताना हुबेहूब आपल्यासारखं तोंड करतं (हे कौतुकानं लिहितो आहे). आपला खोकला कसा आहे? मिरचीच्या अडतीत बसून तो जाणार नाही हे ठाऊक आहे, पण विचारायची रीत आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आपण आमच्या शेतात येऊन डाळीच्या पिठाची पिवळी पातळ भज्जी वाडगे भरभरून खाल्लीत, त्याची आठवण घरात अजून निघते. पुढचं सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या दुकानात फोन स्पीकरवर असतो आणि विषय नाजूक आहे.

विषय वाकळीचा आहे. अयोध्याताईंनी एवढंच मागितलं होतं, की धर्माबादला बारसं होईल तेव्हा बाळाला आमच्या आजीच्या लुगड्यांच्या वाकळीवर पाळण्यात घालायचं, सुकन्याला घातलं होतं तसंच. सोनं नाही, मानपान नाही, एक वाकळ. आणि नेमकी तीच मी घालवून बसलो. कशी ते सविस्तर सांगतो, म्हणजे आपण रागावलात तरी सगळं माहीत होऊन रागवाल.

आमच्या गावाबाहेर निजामाच्या काळचा करोडगिरी नाका आहे, म्हणजे जकात वसूल करायची दगडी इमारत. कित्येक वर्षं त्यात माझं सोयाबीनचं भुसकट असायचं. मग लातूरहून प्रियदर्शनी मॅडम आल्या. त्या आर्किटेक्ट आहेत. इमारत होती तशी उभी करायची आणि आत घोंगडी, अंबाडीचे दोर, वाकळी असल्या जुन्या कामांचं केंद्र काढायचं असं ठरलं. मी भुसकट काढून घेतलं म्हणून लोकांनी मला समितीचा अध्यक्ष केलं. (दुसऱ्या कुणी इमारतीसाठी काहीच केलेलं नव्हतं.)

सिमेंट लावायचं नाही, चुनाच लावायचा, आणि चुन्यात गूळ अन् हिरडा भिजवून घालायचा, असा मॅडमचा आग्रह. आम्ही पिंपं भरून गूळ भिजवला आणि मुंग्या नकोत म्हणून दार लावून घेतलं. दोन दिवसांत असा आंबूस वास सुटला की पोलीसच आले. सगळ्यांनी अध्यक्षाला पुढं केलं. साहेब, हे भिंतीसाठी आहे, असं मी म्हणालो. जमादारानं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "भिंत पिऊन राहिली का?" शेवटी मॅडमनी सगळं पाणी त्यांच्यादेखत चुन्यात ओतायला लावलं, तेव्हा ते गेले. त्यांच्यातल्या एकाला ते ओतणं काही बघवलं नाही.

पुढं मॅडमनी वाकळ शिवणाऱ्या बायकांसाठी मधल्या दालनात उंच ओटा केला, वर दिवे सोडले. बायका येऊन बसल्या त्या थेट दारात, उंबऱ्याला पाठ लावून. वाकळ शिवायची तर उजेड पाहिजे, जाणारी-येणारी दिसली पाहिजे, आणि तिलाही हाक मारून दोन टाके घालायला बसवता आलं पाहिजे. मॅडमनी ओट्याचं फार सांगितलं, तर आमच्या शेजारची सिंधु म्हणाली, "म्याडम, वर बसून टाके घालायला आमी काय कीर्तनकार हाव का?" मॅडम समजूतदार. त्यांनी नकाशाच बदलला आणि दारापुढं सावलीचा पडवीवजा सोपा काढला. ओटा रिकामा राहिला. त्यावर आता समिती बसते.

आता मूळ मुद्दा. दालनात काचेच्या पेटीत एक खरी जुनी वाकळ पाहिजे होती. घरोघर विचारलं तर सगळीकडं गुबगुबीत ब्लँकेटं. सभेत सगळे अध्यक्षाकडं बघायला लागले, अध्यक्षाला ते सहन होईना, आणि मी बोलून गेलो की आमच्या घरी आजीची हाय. घरी भांडण होईल असं वाटलं होतं, पण आमच्या मनकर्णाबाईंनी मुकाट्यानं गाठोडं आणून दिलं, आणि मी ते न सोडताच नाक्यात पोचवलं. मॅडमना तर आनंद मावेना. त्यांनी वाकळ चौघडी करून पेटीत ठेवली, तिच्यावरची पिवळी छटा वर येईल अशी, आणि खाली पाटी लावली: पारंपरिक हळदरंग. पेटीला असले स्क्रू आहेत की त्यांचा पाना फक्त लातूरला मिळतो, आणि एकदा ठेवलेली वस्तू बाहेर काढायची नाही असा नियम आहे. तो नियम मीच सुचवला होता. सुकन्याला कळलं तेव्हा ती रडली, आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पोरगी बाळंतीण असताना तिला रडवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

लहानमोठ्यांस यथायोग्य सांगावं. चूक पदरात घ्यावी.

आपला,
शेषेराव

ता. क. पत्र लिहिलं ते खरं याच्यासाठी: वाकळ बाहेर येत नाही, तर बारसंच नाक्यात करावं का? वर सागवानी तुळई आहे, पाळणा बरोबर पेटीच्या वर टांगता येईल, म्हणजे बाळाखाली वाकळ आलीच. अयोध्याताईंना आपणच सांगावं. माझी हिंमत होत नाही.

दुसरा ता. क. वरचं बारशाचं सोडून द्या. मी पत्र मोठ्यानं वाचून पाहत होतो, ते ऐकून मनकर्णाबाई हसत हसत भुईवर बसल्या. मग त्यांनी ट्रंक उघडली. आजीची वाकळ लिंबाच्या पाल्यात तशीच आहे. म्हणाल्या, "सभंत बसून तुमी उद्या पाळणाबी देऊन टाकसाल. म्हून आखाड्यावरली दिली." मी वाकळीवरून हात फिरवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुकन्या मला "अण्णा, च्या घेता का" म्हणाली. तेव्हा बारसं धर्माबादलाच, वाकळीसकट.

आता एकच विनंती. आखाड्यावरली वाकळ म्हणजे आमच्या शेतातल्या खोपीवरली, येळवशीला आपण जिच्यावर बसला होता ती. आपल्या हातून भज्जीचा वाडगा कलंडला होता, तेव्हा आम्ही कुणी काही बोललो नाही. उद्घाटनाला आपण सहकुटुंब यावं. मॅडम त्या पिवळ्या छटेवर भाषण करणार आहेत. तेवढा वेळ कृपा करून माझ्याकडं पाहू नये.